पत्र्याखालचं तापमान आणि दहावीचं वर्ष

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगी नववीत. घरावर पत्रा, त्यामुळे दुपारी आत बसवत नाही. त्यावरूनच मुलीनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग केला. जुन्या फळ्यांची दोन सारखी खोकी, दोन्हींवर एकाच पत्र्याचे कापलेले तुकडे, एका तुकड्याला चुन्याचे दोन हात. दिवाळीच्या सुट्टीत सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला दोन्ही खोक्यांतलं तापमान तिनं वहीत लिहिलं. भर दुपारी चुन्याच्या खोक्यात पाच-सहा अंश कमी भरले. एक दिवस आभाळ आलं होतं, तेव्हा दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आकडे आले. ते चुकले असं वाटून तिनं ते पान काट मारून टाकलं.

तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक तिच्या टेबलाशी जेमतेम मिनिटभर थांबले. "मॉडेल कुठंय?" एवढंच विचारून पुढे गेले. पहिला नंबर आला तो दिव्यांच्या 'स्मार्ट सिटी'चा, आणि ती विकत आणलेली होती हे गावभर माहीत आहे. तेव्हापासून मुलगी म्हणते, "माझं सायन्सचं डोकंच नाही." वडिलांचं म्हणणं, पुढचं वर्ष दहावीचं, आता हे बंद, अगदीच भाग घ्यायचा असेल तर आपणही तयार मॉडेल आणू. जावेचा मुलगा सांगलीला रोबोटिक्सच्या क्लासला जातो, वर्षाची फी ३०,००० रुपये. शाळेत अटल लॅब आहे, पण ती बहुतेक वेळ कुलपात. आई विचारते: हे सगळं थांबवावं का? क्लास लावावा का? आणि असल्या प्रमाणपत्रांचा पुढे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला काही उपयोग होतो का?

ताई,

त्या काट मारलेल्या पानाबद्दल तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय. मी मात्र तिथूनच सुरुवात करते.

ते पान चुकलेलं नाही. तिच्या अख्ख्या वहीत सगळ्यात मोलाचं पान बहुधा तेच आहे. ऊन होतं तेव्हा चुन्याचं खोकं थंड राहिलं, आभाळ आलं तेव्हा फरक मिटला. म्हणजे फरक उन्हाचाच होता. समजा तिला कुणी विचारलं असतं, "कशावरून चुन्यामुळे? तुझं एक थर्मामीटरच कमी दाखवत असेल!" तर तिनं हेच पान पुढे करायचं होतं. थर्मामीटर खोटं असतं तर ते ढगाळ दिवशीही कमीच दाखवत राहिलं असतं. हे सिद्ध करायला तिला एरवी वेगळी खटपट करावी लागली असती. ती ढगांनी करून दिली, आणि तिनं ती नोंद वेळच्या वेळी लिहूनही ठेवली. फक्त ती काय सांगतेय हे तिला दाखवणारं शेजारी कुणी नव्हतं.

तेव्हा पहिलं काम हे. तिला ती वही काढायला सांगा. काट तशीच राहू द्या, आकडे अजून वाचता येत असतील तर बाजूला तारीख आणि 'ढगाळ, वारा किती' एवढं लिहू द्या. प्रयोगाच्या वहीत खोडरबर चालवायचं नाही आणि पान फाडायचं नाही, हा नियम तिला आत्ताच लागला तर जन्मभर पुरेल. चुकलं असं वाटलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि का चुकला असं वाटलं तेही शेजारी लिहायचं.

आता तिनं केलं काय, तेही बघा. घरातली अडचण उचलली. दोन खोकी सगळ्या बाबतींत सारखी ठेवली आणि एकच गोष्ट बदलली. दिवाळीच्या सुट्टीत, भावंडं किल्ला करत असताना, ही दर तासाला उठून थर्मामीटर बघत होती. नववीतल्या मुलीकडून याहून जास्त काय मागायचं? पत्र्याची गोष्ट वरवर दिसते तितकी साधीही नाही. नवा पत्रा चकाकतो, बरंचसं ऊन परतवतो, मग तापतो का? कारण जी उष्णता तो घेतो ती प्रारणानं, म्हणजे किरणांच्या रूपानं, बाहेर टाकायला कोरा धातू फार कंजूष असतो. चुन्याचं उलटं आहे: पांढरा असल्यामुळे ऊन परतवतो, आणि घेतलेली उष्णता भराभर बाहेर टाकतो. वहन, अभिसरण, प्रारण हे शब्द तिनं सातवीत पाठ केले असतील. त्यातला तिसरा तिनं दिवाळीत स्वतः मोजला.

तुम्ही तिघांनीही एक गोष्ट धरून चालला आहात: परीक्षकांनी तिचं काम पाहिलं आणि ते कमी ठरवलं. तुमच्या पत्रावरून तरी त्यांनी ते पाहिलेलंच दिसत नाही. तालुक्याच्या प्रदर्शनात टेबलं भरपूर आणि वेळ थोडा. अशा वेळी दिवे लागलेलं, पंखा फिरणारं, पाण्याचं कारंजं असलेलं नजरेत भरतं. कागदावरच्या निकषांत कल्पकता, वैज्ञानिक विचार, मुलाचा स्वतःचा हात हे सगळं असतं, पण ते तपासायला मुलाशी निदान दहा मिनिटं बोलावं लागतं. मी परीक्षक म्हणून गेले की एक प्रश्न हमखास विचारते: "यात आधी काय चाललं नव्हतं?" ज्यानं स्वतः केलंय तो मुलगा या प्रश्नावर खुलतो, थांबवावा लागतो. विकतचं मॉडेल घेऊन उभं राहिलेलं मूल पाठ केलेलं निवेदन पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागतं. त्या मुलाचीही मला काळजी वाटते, ताई. त्याला बक्षीस मिळालं आणि आपण काहीच केलेलं नाही हे त्याला पुरतं माहीत आहे.

म्हणून तयार मॉडेल आणण्याच्या विचाराला माझा साफ नकार आहे. यजमानांना वाईट वाटलंय आणि लेकीला पुन्हा हरताना बघायचं नाही, म्हणून ते तसं म्हणतात, हे मला कळतं. पण तुम्ही मॉडेल विकत आणलंत की "माझं डोकं नाही" हे तिचं म्हणणं आईवडिलांनीच खरं ठरवल्यासारखं होईल.

मांडणी मात्र सुधारता येते आणि सुधारावी. तिच्या टेबलावर काय होतं? वही आणि दोन खोकी, असंच ना? आलेखाचा मोठा कागद घेऊन एका उन्हाच्या दिवसाच्या दोन रेघा काढायच्या, कोऱ्या पत्र्याची लाल, चुन्याची निळी, आणि त्याखाली ढगाळ दिवसाच्या दोन रेघा, एकमेकींना चिकटलेल्या. एवढं चित्र लांबूनही बोलतं. खोकी हॉलमध्ये ठेवायची नाहीत, परवानगी काढून सकाळीच मैदानात उन्हात ठेवायची आणि परीक्षकांना म्हणायचं, "सर, चला, आत्ताचं तापमान तुम्हीच वाचा." किती परीक्षक नाही म्हणतील?

आता प्रमाणपत्रं आणि प्रवेश. इथं अगदी रोखठोक सांगते, कारण या एका समजुतीपायी पुष्कळ पालक पैसे घालवतात. दहावीनंतर डिप्लोमाला गेली तर प्रवेश दहावीच्या गुणांवर. बारावीनंतर महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी, एनआयटीसाठी जेईई मेन, आयआयटीसाठी त्यापुढची जेईई ॲडव्हान्स्ड. मूलभूत विज्ञानासाठी आयसरला जायचं तर त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा. या वाटांवर विज्ञान प्रदर्शनाच्या किंवा रोबोटिक्स क्लासच्या प्रमाणपत्राला गुण नाहीत. अमेरिकेतली विद्यापीठं अर्जात शाळेबाहेरचं काम बघतात, आणि तिकडे जाऊ पाहणाऱ्या शहरी मुलांमुळे 'प्रोफाइल' हा शब्द आता तालुक्यापर्यंत पोचलाय. तुमच्या लेकीची वाट आज तरी ती नाही. तेव्हा कुठल्या क्लासच्या पत्रकावर 'इंजिनिअरिंग प्रवेशासाठी उपयुक्त' असं लिहिलेलं दिसलं तर कुठल्या प्रवेशासाठी आणि किती गुण, असं स्पष्ट विचारा.

मग करायचं कशाला? हा प्रश्न यजमान विचारतील, आणि तो रास्त आहे. मी असं बघते: पुढे ती इंजिनिअर होवो, नर्स होवो की द्राक्षबाग सांभाळो, एक गोष्ट बदलून बाकीच्या जागच्या जागी ठेवायच्या आणि काय होतं ते मोजायचं, हे तिला आलेलं आहे. औषधाची फवारणी खरंच लागू पडली का, की पाऊसच उघडला म्हणून रोग हटला, हे ठरवायलाही हीच रीत लागते. क्लासच्या चाचण्यांतून ती सहसा येत नाही. तिला ती चौदाव्या वर्षी आपली आपण आली. ती मोडू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि तिला इंजिनिअरिंगलाच जायचंय, हे कुणी ठरवलं? तुमच्या पत्रात तिचं एकच वाक्य आहे, ते डोकं नसल्याचं. तिला पुढे काय करावंसं वाटतं, हे मला पत्रात सापडलं नाही. विचारा तिला. आजच उत्तर मिळालं नाही तरी हरकत नाही.

दहावीबद्दल. "बंद करायचं की चालू ठेवायचं" असा हा प्रश्न नाहीच मुळी. किती आणि कधी, हा प्रश्न आहे. नववीची परीक्षा झाली की उन्हाळा येतो, आणि पत्र्याच्या प्रयोगाला एप्रिल-मेसारखे दिवस नाहीत. तिचं खरं काम तेव्हा होईल. जूनपासून दिवाळीपर्यंत रविवारचा तास-दीड तास. दिवाळीनंतर वही बंद, सराव परीक्षा सुरू. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा संपली की अकरावीचे वर्ग भरेपर्यंतचे महिने मोकळेच असतात. बहुतेक घरांत ते मोबाइलवर जातात. असं लिहून भिंतीवर लावलंत तर यजमानांचाही जीव भांड्यात पडेल, कारण त्यांची भीती प्रयोगाची नाही, सीमा नसण्याची आहे.

शिवाय हे अभ्यासाच्या बाहेरचं कुठं आहे? दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात 'उष्णता' हा धडा आहे. त्यात अप्रकट उष्मा येतो: उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला ५४० कॅलरी उष्णता लागते. मुलं तो आकडा घोकतात. तिनं मे महिन्यात तिसरं खोकं केलं, कोऱ्या पत्र्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि सुकलं की पुन्हा भिजवलं, तर तो धडा तिला घोकावा लागणार नाही. पाणी किती लागलं तेही मोजायला लावा, हा माझा आग्रह. आपल्या दुष्काळी पट्ट्यात घर थंड झालं एवढ्यावर भागत नाही. किती घागरी लागल्या, यावर तो उपाय परवडतो की नाही ते ठरतं. इंजिनिअरिंग म्हणतात ते इथंच सुरू होतं.

त्याआधी एक छोटी तपासणी. दोन्ही थर्मामीटर एकाच भांड्यातल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून वाचायचे. शाळेच्या थर्मामीटरमध्ये एखाद्या अंशाचा फरक सर्रास असतो. तो लिहून ठेवायचा. निम्मे दिवस झाले की दोन खोक्यांवरच्या पत्र्यांची अदलाबदल करायची, म्हणजे खोक्याचा दोष आणि पत्र्याचा गुण वेगळे कळतील. थर्मामीटरचा फुगा पत्र्याला टेकता कामा नये आणि फटीतून त्यावर ऊन पडता कामा नये. असली खबरदारी कुठल्याही प्रयोगाला लागते; हे वाचणाऱ्या दुसऱ्या मुलांनीही टिपून ठेवावं.

आता क्लास. ३०,००० रुपये तुमच्या घरात लहान रक्कम नाही, तुमच्या पत्राच्या सुरातूनच ते कळतं. सगळे क्लास वाईट असतात असं मी म्हणणार नाही. काही शिक्षक मुलांना खरोखर धडपडू देतात. जावेच्या मुलाच्या क्लासला एक दिवस लेकीला घेऊन जा आणि पालकांच्या खुर्चीत न बसता मुलांच्या मागे उभ्या राहा. मूल स्वतः प्रोग्राम लिहितंय की समोरच्या पडद्यावरून उतरवतंय? गाडी चालली नाही तर सर लगेच हातात घेतात की "कुठं अडलं असेल?" म्हणून थांबतात? एकाच छापाच्या वीस गाड्या होत असतील तर ती फी तयार मॉडेलचीच, फक्त हप्त्यांनी.

माझ्या मते तिला आज क्लासची गरज नाही. तिला गरज आहे ती रात्रीची तापमानं मिळण्याची. कशी, ते सांगते.

हिवाळ्यात पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटतं, अंथरुणावर थेंब पडतात, हे तुमच्या घरात होत असेल. रात्री निरभ्र आभाळाखाली पत्रा, कंजूष असला तरी, आपली उष्णता बाहेर टाकत राहतो, भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. आता चुना उष्णता भराभर बाहेर टाकतो असं आपण वर म्हटलं. मग चुना लावलेला पत्रा हिवाळ्यातल्या रात्री घर आणखी गार करतो का? थेंब जास्त पडतात का? म्हातारी माणसं घरात असतील तर हा प्रश्न महत्त्वाचा आहे. उत्तर मी सांगत नाही, ते तिनं मोजावं. पण त्यासाठी रात्रभर दर तासाला उठणार कोण? इथं सेन्सर लागतो, इथं प्रोग्राम लागतो. आधी प्रश्न आला, त्याच्या मागून यंत्र आलं. बहुतेक क्लासमध्ये आधी खोकंभर यंत्रं येतात आणि प्रश्न येतच नाही, ही माझी त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे.

डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर मिळतो, पाण्यात बुडवता येणारा, साधारण शे-दोनशे रुपयांत. नेहमीच्या तापमानांना अर्धा अंश इकडे-तिकडे एवढा अचूक. आर्डुइनोसारखा, प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड काही शे रुपयांत. जोडणीत एक ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा छोटासा भाग, लागतो. तो विसरला किंवा तार सैल राहिली की पडद्यावर उणे १२७ अंश असा आकडा येतो. तो तिला दिसणार हे नक्की. त्या वेळी तुम्ही किंवा सरांनी तिच्या हातातून काढून घेऊ नका. सांगलीच्या घरात उणे १२७ शक्य नाही हे तिला कळेल, मग चूक जोडणीत की प्रोग्राममध्ये हे ती एकेक तार हलवून शोधेल. ती संध्याकाळ चिडचिडीत जाईल, आणि जाऊ द्या.

हे सामान विकत घेण्याआधी शाळेत बघा. अटल टिंकरिंग लॅब ही नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची योजना, २०१६ साली सुरू झालेली. निवडलेल्या शाळेला एकूण २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, त्यातले १० लाख लॅब उभारायला आणि उरलेले पाच वर्षं चालवायला. ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच आहे. आर्डुइनो, सेन्सर, सोल्डरिंगची (तारा डाग देऊन जोडायची) साधनं, थ्रीडी प्रिंटर, असं सगळं तिथं असतं. म्हणजे तुम्ही ज्याची फी भरायला निघालात त्यातलं बरंचसं शाळेच्या कपाटात पडून असण्याची शक्यता आहे.

कुलूप का असतं, हेही समजून घ्या. ज्या सरांच्या किंवा बाईंच्या नावावर ते सामान आहे त्यांना डेडस्टॉक रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीचा, हिशेब द्यायचा असतो. एखादा बोर्ड जळला तर विचारणार त्यांना. वर ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं, वर्गाचे तास. "लॅब बंद का ठेवता?" असं विचारत गेलात तर ते आणखी आखडतील. त्यापेक्षा आणखी दोन-तीन पालकांना बरोबर घ्या, पालक-शिक्षक संघाच्या सभेत मुख्याध्यापकांना लेखी द्या: शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास, पाच-सहा मुलं, एक पालक हजर, काढलेल्या वस्तूंची वहीत सही, काही जळलं तर भरपाई आम्ही वाटून घेऊ. विशिष्ट वेळ आणि विशिष्ट मागणी असली की शिक्षकांना हो म्हणणं सोपं जातं. मुलींना या तासांत मागे ढकललं जाणार नाही, एवढ्यावर लक्ष ठेवा. मुलगे सोल्डरिंग करतात आणि मुलींकडे तक्त्याचं सुंदर अक्षर येतं, हे मी फार शाळांत पाहिलंय.

शाळेबाहेरच्या वाटाही आहेत. तिच्या प्रयोगाला सगळ्यात जवळची म्हणजे राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. १९९३ पासूनचा हा उपक्रम, १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी. आपल्या भागातला प्रश्न घ्यायचा, मोजमापं करायची, नोंदवही आणि अहवाल द्यायचा, अशी तिची रीत. "मॉडेल कुठंय?" असं तिथं कुणी विचारत नाही. यंदाचा विषय आणि तारखा शाळेकरवी जिल्ह्याच्या समन्वयकाकडून घ्या. दुसरी केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक योजना. तिच्यात शाळा पाच मुलांपर्यंतच्या कल्पना पाठवू शकते आणि निवड झालेल्या मुलाच्या खात्यात नमुना करायला १०,००० रुपये येतात. नावं मुख्याध्यापकांनी ऑनलाइन भरायची असतात, त्यामुळे त्यांना वेळेत आठवण करा. पुष्कळ शाळांत फक्त भरायचं राहून जातं. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते, तेव्हा ती आता मागे पडली. ऑलिम्पियाडची दहावीपर्यंतच्या मुलांसाठी ज्युनियर सायन्सची परीक्षा नोव्हेंबरात होते. पुढचे टप्पे मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सांभाळतं. ती कठीण प्रश्न सोडवण्याची परीक्षा आहे, मोजण्याची आवड असलेल्या मुलीला ती रुचेलच असं नाही. दहावीत या परीक्षेसाठी वेगळा क्लास लावू नका.

यजमानांना मात्र एकदा पाबळला घेऊन जा. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली खेड्यातली मुलं तिथं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती करता करता विज्ञान शिकतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मदतीनं तिथं फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा, उभी राहिली, एमआयटीच्या बाहेर अगदी सुरुवातीला झालेल्यांपैकी. अशाच धर्तीचं काम पुढे आठवी ते दहावीच्या शाळांतही गेलं, आठवड्यातला एक दिवस हातानं काम करण्याचा. हातानं काम करणं म्हणजे अभ्यासातून लक्ष उडणं, असं त्यांना वाटत असेल तर तिथली मुलं बघून बोलावं. जाण्याआधी चौकशी करून जा. आणि २८ फेब्रुवारीच्या सुमारास पुण्याकडे कुणी नातेवाईक असतील तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघा, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, आणि विज्ञान दिनाला तिथं मोठं प्रदर्शन भरतं, शाळेतली मुलंही आपापले प्रयोग मांडतात. आपल्यासारखी मोजणारी माणसं पुष्कळ आहेत, हे तिला दिसेल.

राहिलं तिचं ते वाक्य. "नाही गं, तू हुशार आहेस" असं म्हणून ते पुसलं जाणार नाही, उलट ती म्हणेल, तू आई आहेस म्हणून म्हणतेस. त्यापेक्षा तिला त्या ढगाळ दिवसाबद्दल विचारा. "तेव्हाच सारखं का आलं असेल गं?" एवढंच, आणि मग गप्प राहा. तिनं ते आजीला किंवा शेजारच्या पत्र्याच्या घरातल्या काकूंना समजावून सांगितलं तर फारच छान. काकू विचारतील, "मग आमच्या पत्र्यालाही चुना लावू का?" परीक्षकांपेक्षा हा प्रश्न तिला जास्त कामाला लावेल, कारण उत्तर द्यायचं तर पावसात चुना किती टिकतो आणि खर्च किती येतो हे काढावं लागेल.

आणि इतकं सगळं करून ती म्हणाली, "आई, मला आता हे नको", तर नको. आवडीचं काम सक्तीचं झालं की तेही गृहपाठ होऊन बसतं. खोकी माळ्यावर ठेवा, वही मात्र रद्दीत जाऊ देऊ नका.

चुन्याबद्दल सांगायचं राहत होतं. कळीचा चुना विरवताना उकळतो आणि उडतो, डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. ते काम मोठ्या माणसानं करावं, मुलीनं फक्त तयार गार चुना घ्यावा, चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच. पत्र्याच्या कापलेल्या कडा वाकवून घ्या. आणि घराच्या पत्र्यावर तिला चढू देऊ नका, प्रयोग खोक्यांवरच.

वहीतल्या नोंदी पुऱ्या झाल्या की आलेखाचा फोटो मला पाठवा, ढगाळ दिवसासकट.

तुमची,
सदरलेखिका